देव्हाऱ्यामागची ओल

आमच्याकडे जेवायला आलेल्या प्रत्येकाला मी तो किस्सा ऐकवलेला आहे. माझी आई आणि इंग्लंडमधल्या आमच्या बेसिंगस्टोकच्या घराचं छत. मी तो चांगला सांगते, हातवारे करून, मधेच आईचा आवाज काढून, आणि लोक पोट धरून हसतात. पण त्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळत आले. नवऱ्यासमोर गाळला, मुलीसमोर गाळला, सख्ख्या बहिणीसमोरसुद्धा. तो आज तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

एका दमात नाही जमणार पण. जरा इकडचं तिकडचं बोलू द्या.

घरातली लपलेली गळती कशी ओळखायची, असं आमच्या ओळखीतल्या मराठी लोकांना विचारलंत, तर ते माझा नंबर देतील. साउथहॅम्प्टनहून, मेडनहेडहून फोन येतात. मेधा, अगं भिंतीला पोपडे आलेत, काय असेल? मी डॉक्टरांसारखे उलट प्रश्न विचारते. वास येतो का — कपाट उघडल्यावर, ओल्या पुठ्ठ्यासारखा? भिंतीखालची लाकडी पट्टी फुगली आहे का? डाग पावसानंतर वाढतो, की ऊन पडलं तरी वाढतोच? पाण्याचं मीटर असेल तर घरातले सगळे नळ बंद करा, कुणाला फ्लशही करू देऊ नका, आणि बाहेर फुटपाथवरचं झाकण उचलून मीटर बघा. आकडे हलत असतील तर पाणी कुठेतरी जातंय, हे नक्की. शेवटी बॉयलरच्या काट्याचं सांगते. ते मात्र घाईघाईने सांगते आणि विषय बदलते.

एवढं सगळं मला कुठून कळलं, असं कुणी विचारत नाही. विचारलं असतं तर? कुणाला ठाऊक. बहुतेक तेव्हाही काहीतरी थाप मारली असती.

दोन हजारचं दशक तेव्हा निम्म्यावर आलं होतं. बरीच वर्षं भाड्याच्या घरांत काढल्यावर आम्ही बेसिंगस्टोकला स्वतःचं घर घेतलं. श्रीकांत, माझा नवरा, तिथल्याच एका बिझनेस पार्कमध्ये सॉफ्टवेअरच्या कंपनीत होता. घर काही राजवाडा नव्हता. खाली दोन खोल्या आणि किचन, वर दोन खोल्या, बाथरूम, आणि एक इवलीशी बॉक्सरूम. पण श्रीकांतने त्या घराची जी काळजी घेतली, ती माझी कधी घेतली नाही, असं मी मैत्रिणींना म्हणायचे. गंमतीत म्हणायचे, पण अगदीच गंमतीत नाही. राहायला आलो त्याच आठवड्यात त्याने मला घरभर फिरवून सगळं दाखवलं. पाण्याची मेन बंद करायची चावी कुठे. फ्यूज कुठे. किचनच्या कपाटातला बॉयलर, त्यावरचा प्रेशरचा काटा. काटा एकच्या थोडा वर असायला हवा. फार खाली गेला तर बॉयलरखालची ही छोटी तोटी उघडायची, हीटिंगच्या पाइपांत पाणी भरतं, काटा वर येतो, तोटी बंद करायची. वर्षातून एखाद्या वेळी करावं लागतं, तो म्हणाला. वारंवार करावं लागलं तर समजायचं की हीटिंगचा पाइप कुठेतरी गळतोय.

आणि भिंतीत ड्रिल करायचं नाही. हे त्याने दोनदा सांगितलं. इथल्या आतल्या भिंती पोकळ असतात, दोन्हीकडून नुसते प्लास्टरचे बोर्ड, आणि मधून वायरी जातात, पाइप जातात. ऑफिसमधल्या एकाकडे पाइप शोधायचं यंत्र आहे, ते आणतो, मग काय लावायचं ते लावू.

यंत्र काही येईना. आज आणतो, उद्या आणतो. आणि इकडे आईची यायची तारीख जवळ येत होती.

आई साताऱ्याला एकटी राहायची. बाबा जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने राहता येतं, तेवढे ती राहणार होती, आणि जमलं तर दर वर्षी यायचं, असं आमचं ठरलं होतं. मुलगी ईशा तेव्हा सात वर्षांची होती. आई असली की मला पुन्हा नोकरीचं बघता आलं असतं. पण तेवढंच नव्हतं. बाबा गेल्यापासून आईचं बोलणं कमी झालं होतं, फोनवर ती फक्त "बरंय, बरंय" म्हणायची, आणि मला तिला माझ्याजवळ आणायचं होतं. बॉक्सरूम तिची. मी फोनवर तिला सांगून टाकलं होतं — आई, ही खोली तुझीच, कायमची.

त्या खोलीत मला तिच्यासाठी देव्हारा लावायचा होता. पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेला लाकडी देव्हारा, छोटासाच, भिंतीवर टांगायचा. श्रीकांत म्हणत होता, खाली साइडबोर्डवर ठेव. आई साइडबोर्डवर, टीव्हीच्या शेजारी, पूजा करणार? मला ते बघवलं नसतं. तो ऑफिसला गेलेला असताना मी ड्रिल काढलं. भिंत बोटांनी ठोकून बघितली. बाथरूमच्या बाजूच्या भिंतीत एका जागी भरीव आवाज आला. म्हटलं, इथे आत आधाराचं लाकूड आहे, इथे स्क्रू पक्का बसेल.

दुसरं भोक पाडताना ड्रिल क्षणभर अडलं, आणि मग सुटलं. भोकातून पाण्याचा एक बारीक मणी बाहेर आला. मग दुसरा. मी काय करावं? मेन बंद करायची चावी मला माहीत होती, फोन हाताशी होता. मी स्क्रू घेतला आणि जीव खाऊन भोकात पिळला. पाणी थांबलं. टॉयलेट रोलचा कागद दाबून बघितला, कोरडा. संध्याकाळी बघितला, कोरडा. दुसऱ्या दिवशीही कोरडाच. मग देव्हारा त्यावर टांगून टाकला, बाळकृष्ण ठेवला, अन्नपूर्णा ठेवली, आणि दिवा लावला. श्रीकांतला सांगितलं, बरोबर लाकडात बसलाय स्क्रू, उगीच घाबरत होतास. तो भिंतीला कान लावून आला.

इतकं सांगितलं तरी मुख्य गोष्ट अजून आलेली नाही. तुम्हाला वाटलं असेल, एवढंच? स्क्रूचं काय, कुणाच्याही हातून होतं. खरंय. स्क्रूची मला लाज नाही.

आई आली. गणपती आमच्याकडे बसले, मोदक झाले, बॉक्सरूममध्ये रोज सकाळी घंटा वाजू लागली. तिला देव्हारा फार आवडला. तिने कुणाकुणाला फोन करून सांगितलं की मेधाने स्वतःच्या हाताने लावला, लेक हुशार आहे माझी.

एकच अडचण झाली, ती आंघोळीची. इथे आल्यावर आपल्या सगळ्यांच्या आयांची होते तीच. शॉवर तिला जमेना, टबात आडवं पडून राहायचं तर तिला किळस यायची. तिने टबात बादली ठेवली, प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, आणि बरोबर आणलेल्या तांब्याने आंघोळ सुरू केली. त्या बाथरूमला आधीच्या मालकांनी घातलेलं कार्पेट होतं, विश्वास ठेवा, बाथरूममध्ये कार्पेट, आणि खाली पाणी जायला जागाच नाही. पहिल्या दिवशी कार्पेट चिंब झालं. आई पाय उचलून टबाबाहेर आली आणि बघतच राहिली, पाणी वाहून का जात नाही म्हणून. मग मी तिला पडदा टबाच्या आत कसा सोडायचा ते शिकवलं. ती शिकली. दोन-तीन दिवसांत तिच्याकडून एक थेंब बाहेर पडेनासा झाला. हे मला माहीत होतं. रोज तिच्यानंतर मीच आत जायचे, कार्पेट पायाला कोरडं लागायचं.

थंडी सुरू झाली आणि आम्ही हीटिंग लावलं. त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी माझं लक्ष बॉयलरच्या काट्याकडे गेलं. काटा एकच्या बराच खाली, अर्ध्यावर होता.

मी तोटी उघडली, काटा वर आणला, तोटी बंद केली. स्वतःला म्हटलं, वर्षातून एकदा होतंच. दोन दिवसांनी काटा पुन्हा खाली. मला कळलं होतं. पाणी कुठून जातंय, कुठल्या भिंतीतून, कुठल्या भोकातून, सगळं कळलं होतं. श्रीकांत लवकर बाहेर पडायचा. तो गेला की मी पहिल्यांदा कपाट उघडायचे, तोटी फिरवायचे, सूं आवाज करत पाणी भरायचं, आणि काटा पुन्हा शहाण्यासारखा जागेवर. संध्याकाळी त्याने बघितलंच, तर सगळं ठीक. म्हणजे काय करत होते मी? गळतीला रोज सकाळी पाणी पाजत होते.

कान सतत भिंतीकडे असायचे. फ्रिज घुरघुरला तरी दचकायचे. बॉक्सरूममध्ये जाऊन देव्हाऱ्याखालच्या भिंतीवर तळहात ठेवायचे. गार आहे का? ओलसर? की माझाच हात घामेजलेला? त्याच दिवसांत मी लायब्ररीतून घरदुरुस्तीची पुस्तकं आणली, इंटरनेटवर वाचत बसले. आज लोक मला जे विचारतात ते सगळं मी तेव्हा शिकले, आणि शिकत होते ते गळती शोधायला नाही, ती कुणाला कधी दिसेल याचा अंदाज बांधायला.

ती दिसली एका रविवारी. खालच्या जेवणाच्या खोलीच्या छतावर, बरोबर बाथरूमच्या कडेखाली, चहाच्या रंगाचा डाग. ईशाला आधी दिसला. श्रीकांत खुर्चीवर चढला, बोट लावून बघितलं, वास घेतला.

"मेधा, धिस इज नॉट कंडेन्सेशन," तो म्हणाला. "आतून कुठून तरी लीक आहे. थांब, आधी बॉयलरचं प्रेशर चेक करतो."

तो खुर्चीवरून उतरला आणि किचनच्या दिशेने निघाला. त्या सकाळी मी तोटी फिरवलेली नव्हती. रविवार होता, तो घरी होता, मला संधीच मिळाली नव्हती. काटा खाली असणार होता. किचनच्या दारापर्यंत चार-पाच पावलं असतील. तेवढ्यात माझ्या तोंडून ते निघालं.

मी म्हणाले, "आईच्या आंघोळीचं पाणी असेल."

तो थांबला. वळला. वर बघितलं, बाथरूमचा टब नेमका कुठे येतो ते मनात जुळवलं असणार. आणि ते जुळलं. बादली, तांब्या, पहिल्या दिवशीचं चिंब कार्पेट. सगळं इतकं बरोबर जुळलं की बॉयलर बघायची गरजच उरली नाही.

आई किचनमध्ये पोळ्या करत होती. दार उघडं होतं. तिने तव्याखालचा गॅस बारीक केला आणि पिठाच्या हातांनीच बाहेर आली. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, आता ती म्हणेल, अगं, मी तर थेंबही सांडत नाही हल्ली, तूच बघतेस ना रोज? तिने म्हणायला हवं होतं. मग मी काय केलं असतं, कोण जाणे.

"हो, माझंच असणार," ती म्हणाली. "अहो श्रीकांतराव, मला मेलीला कळतच नाही इथलं. चुकलं माझं."

हाच तो तुकडा. किस्सा सांगताना मला काय माहीत होतं ते मी गाळते आणि इथे नुसता आईचा आवाज काढते, आणि लोक हसतात.

श्रीकांतवर राग धरू नका. तो रागावला नाही. उलट तिला म्हणाला, आई, अहो एवढं काय, रंग देऊ नंतर. दुकानात जाऊन टबाच्या कडेला लावायचं सीलंट घेऊन आला, दुपारभर गुडघ्यांवर बसून त्याने ते लावलं. एवढ्या चांगुलपणाने वागणाऱ्या माणसाला मी घाबरत होते. कशाला? तर "मी म्हटलं होतं ना" या चार शब्दांना. तो ते एकदाच म्हणाला असता. मोठ्याने म्हणालाही नसता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. किती क्षुल्लक गोष्टीसाठी मी आईला पुढे केलं, ते तुम्हाला नीट कळावं म्हणून सांगतेय.

तुम्ही म्हणाल, एका वाक्याचं काय, दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं. दुसऱ्या दिवशी मी काय केलं? श्रीकांत गेल्यावर तोटी फिरवली.

डाग वाढत होता. वाढणारच. आई जेवणाच्या टेबलाशी बसली की तिची नजर वर. तिने बादली अर्धी केली. मग पाव. मग एक दिवस मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "अगं, आज मी तांब्याभरच पाणी घेतलं, तरी वाढलंय गं." मी काय सांगितलं असेल? आधीचं पाणी आत साचलंय, ते झिरपत असेल. पुस्तकात वाचलेलं होतं ना मी सगळं. तिला पटलं. माझ्या बोलण्यावर तिचा फार विश्वास.

मग तिने आंघोळच सोडली. रोजची नाही करत, म्हणाली, इथे घाम कुठे येतो. ओल्या पंच्याने अंग पुसून घ्यायची. तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. ही बाई तापातसुद्धा आंघोळ केल्याशिवाय देवाला हात लावत नसे. बाबा म्हणायचे, हिच्या देवाला सर्दी होते हिच्यापायी. एका सकाळी मी वर कपडे ठेवायला गेले, बॉक्सरूमचं दार अर्धवट उघडं होतं. ती देव्हाऱ्यासमोर उभी होती, हात जोडून, पण नेहमीपेक्षा चांगली दोन पावलं मागे. पुटपुटत होती.

"पारोशी आहे रे बाबा. लेकीचं घर खराब होतंय माझ्यामुळे. चालवून घे."

तिच्या देवाच्या पाठीमागे, त्याच भिंतीत, माझा स्क्रू होता. मी कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन तिथे उभी होते. एक पाऊल आत टाकायचं होतं. आई, तू कर आंघोळ, बादलीभर पाणी घे, दोन बादल्या घे. एवढंच. मी टोपली घेऊन खाली आले आणि कपडे पुन्हा एकदा घड्या घालत बसले.

ईशा तिला चिडवायची. पोरीचं मराठी तेव्हाही तसंच, इथल्या मुलांचं असतं तसं. "आजी, तुझा पाणी बघ, किती मोठा झाला!" आई हसायची आणि पदराने तोंड पुसायची. मी ईशावर ओरडायचे. श्रीकांतला वाटायचं, आईची बाजू घेतेय.

दिवाळीच्या आधी आईने तिकीट बदलून मागितलं. चकल्यांची भाजणी तिने साताऱ्याहून दळून आणलेली होती, ती डब्यात भरून ठेवली आणि मोहन किती घालायचं ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं. श्रीकांतने मनापासून अडवलं तिला. आई, छताचं काय घेऊन बसलात, माणसापेक्षा छत मोठं आहे का, असं म्हणाला. माझ्याकडे बघून म्हणाला, तू सांग ना यांना. मी सांगितलं. राहा गं आई, म्हटलं. पण ज्या सुरात म्हटलं, त्या सुरात कोण राहील? कारण मला ती जायला हवी होती. ती गेली की श्रीकांतच्या पाठीमागे मला प्लंबर बोलावता येणार होता. ती घरात असती तर प्लंबर काय म्हणाला ते तिने ऐकलं असतं. इंग्रजी तिला समजत नसे, पण भिंत कुठे फोडली ते तर दिसलं असतं.

ती गेल्याच्या दोन-तीन दिवसांतच मी प्लंबर बोलावला. त्याने देव्हारा उतरवायला सांगितलं, बोर्ड कापला, पाइप दाखवला. तासाभराचं काम. इथे कुणी स्क्रू मारला, त्याने विचारलं. मी म्हणाले, आधीच्या मालकांनी. त्या अनोळखी माणसालासुद्धा खरं सांगवेना मला. त्याने तिथे नवा तुकडा बसवला, त्यावर मी रंग दिला, आणि देव्हारा पुन्हा तिथेच टांगला. या खेपेला भोकं लाकडातच पडली.

छत वाळलं. श्रीकांतने रंगवलं. ख्रिसमसच्या सुट्टीत एकदा जेवताना वर बघून तो म्हणाला, "बघ, आई गेल्यापासून टिपूससुद्धा नाही. म्हणजे तुझं बरोबर होतं." त्याने ते सहज म्हटलं, त्यात टोमणा नव्हता. मी त्याला वरण वाढलं.

आई दर रविवारी फोनवर विचारायची, छत वाळलं का गं? वाळलं, असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, चला, म्हणजे माझंच पाणी होतं. जिवाला लागून राहिलं होतं बाई, दुसरंच काही मोठं निघालं असतं तर तुम्हाला केवढ्याला पडलं असतं. तिला बरं वाटलं होतं. आपणच अपराधी आहोत हे नक्की झालं म्हणून बरं वाटलं होतं, आणि मी म्हणाले, हो ना.

ती पुन्हा आली नाही. दर वर्षी मी बोलवायचे, दर वर्षी तिचं काहीतरी निघायचं. गुडघे, मग मोतीबिंदू, मग एवढा लांबचा प्रवास नको गं आता. श्रीकांत म्हणायचा, तुझी आई मानी आहे. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत किस्सा रंगत गेला. सगळ्यांच्याच आया बादलीवाल्या, सगळ्यांनाच आपलं घर आठवायचं. मग काय, आईने स्वतःही तो साताऱ्यात सांगायला सुरुवात केली. बहीण मला फोनवर सांगायची, आई सगळ्यांना सांगते, मी लेकीच्या घरात पूर आणला म्हणून. मला वाटलं, बरं झालं, तीच हसतेय, म्हणजे तिच्या मनातून गेलं असेल. असं वाटून घेणं किती सोपं असतं, नाही का?

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याआधीच्या एका भेटीचं सांगते आणि थांबते.

मी एकटीच साताऱ्याला गेले होते. तिचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बाथरूम आपल्याकडे असतं तसं. शहाबादी फरशी, कोपऱ्यात पाणी जायला जाळी, पाणी कितीही ओता. सकाळी तिची आंघोळ झाली आणि बराच वेळ झाला तरी ती बाहेर येईना. मी दार ढकललं. ती लुगडं नेसून, ओणवी होऊन, एका हाताने नळ धरून, दुसऱ्या हातातल्या फडक्याने फरशी पुसत होती. गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसता येत नव्हतं, म्हणून ओणवी. शेजारी बादली होती, तिच्या तळाशी थोडंसं पाणी. तेवढ्यातच तिने आंघोळ उरकली होती. कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत फरशी पुसून झाली होती.

मी म्हटलं, आई, हे काय, इथे कशाला पुसतेस? पाणी जातं की जाळीतून.

ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "खालच्यांच्या छताला ओल यायला नको गं. मला भरवसा नाही माझा."

घरात आम्ही दोघीच होतो. बहीण संध्याकाळी येणार होती. अख्खा दिवस होता माझ्याकडे. श्रीकांत नव्हता, ईशा नव्हती, कुणाला घाबरायचं कारण नव्हतं. मी तिच्या हातातून फडकं घेतलं. खाली बसले आणि उरलेली फरशी पुसून काढली, कोपरे, नळाखालची जागा, उंबरा, सगळं. ती भिंतीला टेकून उभी राहून बघत होती.

"नीट कोरडं झालं ना?" तिने विचारलं.

मी म्हणाले, झालं.